सोसलेपर्यंत श्रीधरच्या गाडीमागे

आधीच कबूल करते. म्हैसूर ते सोसले हा प्रवास फार सुंदर आहे, आणि यंदा मी तो पूर्ण वेळ जळफळत केला. तेव्हा रस्त्याची माहिती घ्या आणि माझ्या स्वभावाकडे जरा काणाडोळा करा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सोसले हे तिरुमकूडलु नरसीपूरच्या जवळचं छोटं गाव. तिथे एक जुना मठ आहे. बाबांच्या तिथीला आई आणि मी दरवर्षी तिथे जातो. आम्ही चार पिढ्या म्हैसुरात, त्यामुळे घरातली मराठी अर्धी कन्नडच. मध्येच एखादा शब्द निसटला तर सांभाळून घ्या. नऊ वर्षं हा प्रवास फक्त आमच्या दोघींचा होता. आईचे गुडघे गेल्यापासून तिची चाकाची खुर्ची माझ्या लाल गाडीच्या मागच्या सीटवर, आई माझ्या शेजारी, आणि वाटभर तिच्या गप्पा. धाकटा भाऊ श्रीधर नोकरीसाठी परदेशात. त्याच्या नावाने मठातले आचार्यच दर्भ हातात घेत आणि श्राद्ध उरकत.

गेल्या वर्षी श्रीधर बेंगळुरूला परतला आणि यंदा त्याचा फोन आला. "अक्का, सोसलेला माझ्या गाडीतून जाऊ. मोठी गाडी घेतलीय. आईला आरामात नेऊ." म्हणजे नऊ वर्षं मी तिला हालात नेत होते! फोन ठेवल्यावर आईने मला तीनदा विचारलं, "श्रीधर कधी येणार म्हणाला?" मला मेलीला कुणी कधी असं तीनदा विचारलं नाही, कारण मी रोज घरातच असते.

तिथीच्या दिवशी सकाळी नऊला गाडी आमच्या गोकुलमच्या गल्लीत शिरली. शिरली म्हणजे काय, गल्ली भरून गेली. मोत्यासारखी पांढरी, लांबलचक सेडान, कंपनीतल्या कुठल्याशा साहेबाने वापरलेली, आत बदामी रंगाच्या सीट. योगवर्गाला निघालेली एक गोरी बाई चटई खांद्यावर घेऊन थांबली आणि "ब्यूटिफुल" म्हणाली. तीन वर्षं ती माझ्या गाडीला वळसा घालून जाते, पण शब्द नाही! आईला पुढच्या सीटवर बसवलं तर ती म्हणते कशी, "अय्यो, सोफाच की रे हा!" माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थेट संध्याकाळपर्यंत.

वर त्याने मला कौतुकाने सांगितलं, "अक्का, पेट्रोल आणि गॅस, दोन्हीवर चालते." आमच्या घराण्यात गॅसवर चालणारी पहिली गाडी माझी! तीन वर्षांपूर्वी मी गॅसचं किट बसवून घेतलं तेव्हा हाच फोनवर हसला होता. आता याच्या डॅशबोर्डवर चार हिरवे दिवे असलेलं चकचकीत बटण, आणि माझ्या गाडीत ते बटण फिटरने स्टिअरिंगखाली कुठेतरी चिकटवलेलं.

मग त्याने डिकी उघडली आणि मला जरा बरं वाटलं. डिकीभर गॅसची टाकी, चाकाची खुर्ची ठेवायला जागाच नाही. मागच्या सीटवर ठेवू म्हटलं तर श्रीधर हळूच म्हणाला, "सीटला ओरखडे पडतील ग." खुर्ची, केळीचा घड, नारळ, शिध्याची पिशवी सगळं नेहमीप्रमाणे माझ्या गाडीत आलं. आई सोफ्यावर पुढे, मी सामान घेऊन मागे. त्यांच्या काचेतून आईचं डोकं मला दिसत होतं आणि ते सारखं श्रीधरकडे वळून हलत होतं. सगळ्या गप्पा तिकडे चालल्या होत्या.

रिंग रोडला लागताच गॅसचा पंप आला. गॅसवाल्या गाडीने जाणार असाल तर इथेच भरून घ्या, पुढे रांगा मोठ्या असतात. श्राद्ध नसेल तर आधी कुठेतरी सेट दोसा आणि कॉफीही उरकून घ्या. आम्ही तिघं उपाशीच होतो. गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाही असा नियम असतो. पंपावरचा माणूस आला आणि म्हणाला, "एल्लारू इळीबेकु." सगळ्यांनी उतरायचं. मग मी माझ्या गाडीतून खुर्ची काढली, उघडली, आईला सोफ्यावरून उतरवून तीत बसवलं आणि ढकलत पिवळ्या रेघेपलीकडे नेलं. पालखीत बसल्यासारखी आई खूश होती.

गॅस भरून झाल्यावर श्रीधर पैसे द्यायला गेला आणि किल्ली माझ्याकडे टाकून म्हणाला, "अक्का, मागे रांग आहे, जरा पुढे घे ना."

मी त्या बदामी सीटवर बसले. खरं सांगते, काय ती सीट! किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, आणि समोर बघते तर पेट्रोलचा काटा पार तळाला टेकलेला आणि शेजारी नारंगी दिवा पेटलेला. माझ्या फिटरने पहिल्याच दिवशी मला दम भरला होता: मॅडम, गॅस कितीही असू दे, पेट्रोल सुकवू नका. गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते, मग गॅस घेते. काही नव्या गाड्या म्हणे थेट गॅसवर सुरू होतात. ही तशी नव्हती. श्रीधरला गाडी घेऊन तीन आठवडे झालेले आणि गॅस आहे म्हणून त्याने थेंबभर पेट्रोल घातलं नव्हतं. पेट्रोलचा पंप शेजारीच, वीस पावलांवर होता.

सांगायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात खुर्चीतून आई ओरडली, "निधान, विजू, निधान! श्रीधरची गाडी आहे ती!"

निधान म्हणजे हळू. नऊ वर्षं मी तिला नेते-आणते, एकदा कुठे घासली नाही गाडी. आणि मला म्हणते निधान! मी उतरले, किल्ली श्रीधरच्या हातावर ठेवली आणि मूग गिळून माझ्या गाडीत जाऊन बसले.

नरसीपूरचा रस्ता तासाभराचा. डांबर छान आहे, पण प्रत्येक गावाला आधी आणि नंतर हंप्स, म्हणजे गतिरोधक आहेत, पाटीबिटी काही नाही. दोन्ही बाजूंना भात, ऊस, मध्येच नारळीच्या बागा. श्रीधरची गाडी हंप्सवरून लोण्यासारखी जायची आणि माझ्या मागच्या सीटवर खुर्ची खडखडायची. एरवी या वाटेवर आई मला तेच ते किस्से सांगते. बाबांनी याच रस्त्यावर सायकल कशी पंक्चर केली, कुठल्या झाडाखाली ते रुसून बसले. मला ते पाठ आहेत आणि कंटाळाही येतो. त्या दिवशी मात्र ते झाड आलं तेव्हा समोरच्या काचेत आईचा हात उठला, तिने श्रीधरला बोटाने ते दाखवलं, आणि मला रडूच आलं.

नरसीपूरला कावेरी आणि कपिला एकमेकींना भेटतात. तिथलं तांब्याभर पाणी नेऊन मठात तर्पण करायचं ही आईची पद्धत. घाटाच्या पायऱ्या उतरून पाणी आणायचं काम नऊ वर्षं माझं. यंदा श्रीधर धोतर सावरत उतरला आणि आई गाडीतून टक लावून बघत राहिली. अकरा वाजले होते. साडेअकराच्या आत या, नंतर दुसरी मंडळी आहेत, असं आचार्यांनी बजावलेलं. श्रीधर वर आला, तांब्या आईच्या हातात दिला, किल्ली फिरवली.

कुर्र, कुर्र, कुर्र. बस.

त्याने ते चकचकीत बटण पाच वेळा दाबलं. हिरवे चारही दिवे पेटलेले, गॅस तुडुंब, आणि गाडी जागची हलेना. "काय झालं कळत नाही ग अक्का," तो म्हणाला. मला कळत होतं. अंगातून गुदगुल्या झाल्या म्हटलं तरी चालेल. "आईला मी नेते," मी म्हटलं. "तू थांब गाडीपाशी. अशी रस्त्यात कशी सोडणार?" घड मांडीवर घेऊन तो माझ्या मागच्या सीटवर सहज मावला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी म्हटलं नाही, आणि तो इतका गडबडला होता की त्यालाही सुचलं नाही.

पुढची काही किलोमीटर मी राणीसारखी गाडी चालवली. आई माझ्या शेजारी, तांब्या मांडीत. मी म्हटलं, "बघ, शेवटी माझीच गाडी." तांब्यावर हात ठेवून ती वळून मागे बघत होती.

मठाच्या पडवीत आचार्य दर्भ, तीळ, सगळी मांडामांड करून बसले होते. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्यामागे बघितलं. "मगा बरलिल्वा?" मुलगा आला नाही का?

"बर्ताने, बर्ताने," येतोय, येतोय, असं आई म्हणाली आणि तिने खुर्ची स्वतःच्या हाताने फाटकाकडे वळवली.

आचार्य म्हणाले, उशीर होतोय, नेहमीसारखं त्याच्या नावाने मीच करतो. आईने मान हलवली. नऊ वर्षं तिने त्यालाच होकार दिला होता, आणि यंदा पहिल्यांदा नको म्हणाली. "थोडं थांबा," तिने हात जोडले. त्या माणसापुढे हात जोडणारी माझी आई, कोरे डोळे फाटकाला लावलेली! माझ्या अंगातलं सगळं वारं निघून गेलं. अग विजया, तू केलंस काय हे?

हंप्सबिंप्स न बघता मी माघारी गाडी हाकली. श्रीधर धोतरावर, उघड्या अंगाने, उपाशीपोटी उन्हात त्या पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. "लॉक कर आणि बस," मी ओरडले. लांबच लांब पाय दुमडून तो माझ्या शेजारी कोंबला गेला आणि म्हणाला, "तू होतीस म्हणून, अक्का."

आचार्य थांबले होते, कपाळाला आठ्या घालून. श्राद्ध झालं. श्रीधरच्या ओंजळीतून पाणी सुटलं तेव्हा आईचा चेहरा जसा झाला तसा मी नऊ वर्षांत बघितला नव्हता, आणि लाज वाटते लिहायला, पण तेव्हाही मला हेवाच वाटला.

मठात दुपारी सगळ्यांना केळीच्या पानावर जेवण मिळतं: कोसंबरी, सारु म्हणजे आपलं सार, भात, पायस. पैसे मागत नाहीत, पेटीत इच्छेने टाकावेत. सारु मात्र चुकवू नका. जेवणानंतर नरसीपूरच्या एका रिक्षावाल्याने दोन लिटर पेट्रोल आणून दिलं आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. "इतकंच होतं?" श्रीधर हसत सुटला. आई परतताना पुन्हा त्याच्याच गाडीत बसली. मी, खुर्ची आणि रिकामा तांब्या मागून.

संध्याकाळी तो बेंगळुरूला गेला. जाताना गाडी मागे घ्यायला गल्लीतल्या तिघांची मदत लागली. खुर्ची घडी करून मी दाराआड ठेवत होते. आई पलंगावर पाय चोळत बसली होती.

"विजू, त्याच्या गाडीत तो नारंगी दिवा पेटला होता न ग? तुझ्या गाडीत पेटतो तसा?"

मी वळले नाही.

"मी वाटेत दोनदा बघितला. त्याला सांगणार होते," ती म्हणाली. "मग म्हटलं, पंपावर विजू आत बसून बघून आलीय. ती काही बोलली नाही, म्हणजे ठीकच असणार."