न विचारणारा घरमालक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढेही कधी तोंडानं म्हटलं नाही — त्याला माहीतच असेल तर परत सांगून काय उपयोग? तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच बरं.

पण आधी एक गोष्ट मान्य करून टाका, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी हुशार बाई आहे. लबाड माणूस मला लांबून वास येऊन कळतो. आता माझ्या भाच्या सुट्टीसाठी मोबाइलवर गोव्याचे नि लोणावळ्याचे फ्लॅट शोधतात, आणि पैसे भरायच्या आधी मोबाइल माझ्या नाकासमोर धरतात. मावशी, ही साइट खरी का खोटी? मला त्या साइटमधलं ओ की ठो कळत नाही. पण मी मजकूर वाचते आणि सांगते. आजवर चुकले नाही. म्हणजे — एकदा सोडून. आणि तेव्हाही मी चुकले नव्हते, हेच तर सांगायचंय.

ही विद्या मला फुकट मिळाली नाही. लग्नानंतर काही वर्षांनी परभणीच्या उन्हाळ्याला कंटाळून आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो. वर्तमानपत्रात जाहिरात होती — बंगला, बाग, खानसामा, सगळं हजर. मनिऑर्डर पाठवली, पोरं घेऊन पत्त्यावर पोचलो, तर तिथं लाकडाची वखार! वखारवाला भला माणूस. म्हणाला, या महिन्यात तुम्ही तिसरे. पोरांना पाणी पाजलं बिचाऱ्यानं. आमचे हे परभणीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, कारण जाहिरात मी कापली होती.

त्यानंतर मी ठरवलं की आता कुणाच्या बापाची टाप नाही मला फसवायची. आणि मी नियम बसवले. खरा घरमालक कुरकुरतो, हा पहिला. भिंतीला खिळा मारू नका, विहिरीवर साबण नको, रात्री दिवे मालवा — असली कटकट ज्याच्या पत्रात आहे, त्याचं घर नक्की जागेवर आहे. भामट्याच्या घरात काही म्हणजे काही अडचण नसते. तेव्हा सरळ विचारावं, घरात वाईट काय आहे? उत्तर गुळमुळीत आलं की समजावं, घरच नाही. शेजारच्याचं नाव विचारावं. घाई करेल त्याला सोडून द्यावं. आणि शेवटचा नियम, जो मी कचेरीत डबा खाताना अगदी टाळ्या घेत सांगत असे — खरा घरमालक ‘आपण कोणापैकी?’ हे विचारल्याशिवाय राहत नाही. ज्याला घरात माणसं ठेवायची आहेत तो जात विचारणारच. ज्याला फक्त पैसे न्यायचे आहेत, त्याला तुमच्या जातीशी काय देणंघेणं?

लोक हसायचे. बरोबर आहे म्हणायचे. सुमनही हसायची.

सुमन माझ्या शेजारच्या टेबलावर टायपिंग करायची. तिचं आडनाव सांगत नाही. आमच्याकडे आडनाव कळलं की बाकीचं लोक आपोआप ओळखतात. ती ताडकळसकडच्या एका खेड्यातली. विद्यापीठाच्या नामांतराचा वणवा पेटला त्या साली त्यांच्या वस्तीतली घरं जळली, आणि ती आईला घेऊन परभणीला आली ती परत गेली नाही. परभणीत खोली शोधताना तिला तो प्रश्न दारोदार विचारून झाला होता. खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की भरायची. हे तिनंच मला सांगितलेलं. तरी मी तो नियम तिच्या समोर सांगत होते, आणि ती हसत होती. मला त्यात काही खटकलं नाही. उलट मला अभिमान होता — कचेरीत नामांतरावरून दोन तट पडले होते, एकमेकांचा चहा बंद झाला होता, आणि मी मात्र रोज सुमनबरोबर डबा खायची. तिच्या हातची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी मी मागून घ्यायची. बघा मी कशी, असं मनात म्हणायची.

सुमनच्या आईचे डोळे चालले होते. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढला असता. याला इलाज नाही, नजर कडेकडेनं आत येत जाईल आणि एक दिवस संपेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हातारीचा नवरा, सुमनचा बाप, मुंबईला गोदीत हमाल होता. दर खेपेला गावी आला की म्हणायचा, तुला एकदा समुद्र दाखवतो. दाखवायच्या आधीच गेला. म्हातारीनं जन्मभर पाणी पाहिलं ते विहिरीच्या तळाचं. आता एकच धोशा लावला होता — “डोळे जायलेत, पोरी. हायेत तवर समिंदर दाव.”

सुमननं जाहिरात शोधली. कोकणात, दापोलीच्या बाजूला एक गाव, तिथल्या एका निवृत्त मास्तरांचं समुद्राकाठचं घर, उन्हाळ्यात कुटुंबांना राहायला देतात. तिनं मास्तरांना लिहिलं, त्यांचं उत्तर आलं. ते घेऊन ती माझ्याकडे आली. आणि केवढी खुशीत! “ताई, तुमी बघा एकदा. तुमी हो म्हणलं की मग डोळे झाकून जाते. न्हाईतर असं करू ना — तुमी बी चला. पोरं, सासूबाई, समदे. दोन खोल्या हायेत. एका चुलीवर सैपाक करू.”

एका चुलीवर. हे तिनं इतकं सहज म्हटलं.

मी म्हटलं, बघते, चौकशी करते. आणि केली. आमच्या ओळखीचे बँकेतले पेंडसे त्याच भागातले. त्यांना बाजारात गाठलं. ते म्हणाले, “अहो, ते घर माझ्या मामाच्या शेजारचं! मास्तर म्हणजे देवमाणूस. कोण, कुठले, काही विचारत नाहीत. कुणालाही ठेवून घेतात.”

म्हणजे घर खरं होतं. पत्रही खरं होतं — विहिरीचं पाणी मचूळ आहे, पंखा नाही, वाळूत विंचू निघतात, सगळं त्यात लिहिलं होतं. अशी कुरकुर भामटा करत नाही. माझ्याच पहिल्या नियमानं ते घर शंभर नंबरी होतं. मला तेव्हाच कळलं होतं. हे नीट लक्षात घ्या. मी गोंधळले नव्हते, घाबरून काही बोलून गेले नव्हते.

मग मी काय केलं?

घरी सासूबाई होत्या. सुमन आमच्या घरी आली की त्या तिला चहा द्यायच्या, पण तो कप चुलीमागे वेगळा ठेवलेला असायचा. मला ते दिसत होतं. मी तो कप कधी उचलून इतर कपांत ठेवला का? नाही. आता एका चुलीवर स्वयंपाक, एका विहिरीचं पाणी — सासूबाईंना काय सांगायचं? आणि नाही जायचं ठरवलं, तर सुमनला काय सांगायचं? दोघींपैकी एकीला तोंडावर खरं सांगायला हवं होतं. मी दोघींनाही भ्याले. सासूबाईंना भ्याले हे लोकांना समजेल. पण सुमनला भ्याले — ती मला ओळखून चुकेल, याला भ्याले.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी तिला सांगितलं, “सुमन, हे घर खोटं आहे. सोड.” ती म्हणाली, “कशावरून ताई?” आणि माझ्या तोंडातून ते वाक्य इतकं सरळ बाहेर आलं की आजही ऐकू येतं. मी म्हटलं, “अगं, त्यानं तू कोणापैकी ते विचारलंच नाही. न विचारता कुणी घर देतं का?”

ती हसली. “खरं हाय,” म्हणाली. “आपल्याला न विचारता कोन घर देतंय.” आणि जाहिरात चुरगळून भाकरीच्या फडक्यात टाकली.

मी काय केलं ते कळतंय ना तुम्हाला? दहा घरमालकांनी जात विचारून तिला दारातून परतवून लावलं होतं. पहिला माणूस भेटला जो विचारत नव्हता. आणि तो न विचारणाराच चोर असला पाहिजे, हे मी तिला पटवून दिलं. तिला पटलं, हे त्याहून वाईट. मास्तरांना तिनं पुढं काही कळवलंही नाही. चोराला कोण कळवतं? वर मला म्हणाली, ताई, तुमी होत्या म्हणून वाचले. पुढच्या सालाला तुमीच एखादं घर बघून द्या. मी म्हटलं, हो, बघते की.

बघितलं नाही.

आता उरलेलं सांगते, ते याहून लाजिरवाणं आहे. त्याच मे महिन्यात आम्ही त्या घरी गेलो. पोरांनी समुद्र समुद्र करून घर डोक्यावर घेतलं होतं, यांना पेंडशांनी आग्रह केला, आणि मी अडवायचं कारण काय सांगणार? कचेरीत सांगितलं, पुण्याला नणंदेकडे जातोय. सुमननं वाटेसाठी दशम्या करून दिल्या. त्या आम्ही खाल्ल्या.

घर होतं तसंच होतं. पाणी मचूळ, पंखा नाही. मास्तर सत्तरीचे, काटकुळे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले. त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही, आमच्या सासूबाईंनीच चपला काढायच्या आधी त्यांना विचारून घेतलं, “तुमी कोनापैकी?” मास्तर हसत म्हणाले, “आजी, मी शाळेपैकी.” सासूबाईंना काही ते पटलं नाही.

पण मग त्यांनी मलाही एक विचारलं. म्हणाले, “तुमच्या परभणीच्याच एक बाई येणार होत्या आईला घेऊन. आईची दृष्टी अधू आहे, असं लिहिलं होतं त्यांनी. म्हणून मी समोरची खोली त्यांना राखली होती. खाटेवर पडल्या पडल्या समुद्र दिसतो. आल्याच नाहीत. तुमच्या ओळखीच्या आहेत का?”

मी म्हटलं, “नाही. परभणी काय लहान गाव आहे?”

ती समोरची खोली त्यांनी सासूबाईंना दिली. सासूबाई सगळे दिवस खिडकीकडे पाठ करून झोपल्या. खारा वारा सोसत नाही, अंग चिकट होतं, कसलं मेलं गाव — म्हणून कावल्या. आणि मी? मी खरं सांगू — मजेत होते. वाळूत बसून भेळ खाल्ली. पोरांबरोबर पाण्यात गेले. मला मधेच कधी सुमनची आई आठवायची, आणि मी उठून दुसरं काहीतरी करायला लागायची. तेवढं मला जमत होतं. मला पुष्कळ गोष्टी जमतात.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत म्हातारीची नजर गेली. सुमननं ते कचेरीत टाइप करता करता सांगितलं, मशीन न थांबवता. मग म्हणाली, “ताई, एकदा घरी या. आई तुमची आठवण काढायलीय. तुमी मुंबईला जाऊन आल्यात, समुद्र बघितलाय. तिला सांगा जरा, कसा असतो. मला बाई सांगता येत न्हाई, मी बी कुठं बघितलाय.”

मी गेले. एका खोलीचं घर, सारवलेलं, दारात तुळस नाही पण अबोलीची दोन रोपं. म्हातारी खाटेवर बसली होती, डोळे उघडे, माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलेलं. मी तिच्याजवळ बसले. मुंबईचा समुद्र मी लग्नात एकदा घाईघाईत बघितलेला, तो मला धड आठवतही नव्हता. मी मास्तरांच्या समोरच्या खोलीतून दिसणारा समुद्र सांगितला. सकाळी तो राखाडी कसा असतो, उन्हं चढली की हिरवा कसा होतो. लाट लांबून येताना नुसती रेघ दिसते, मग रेघ उभी राहते. पलीकडचा काठ नसतोच, आभाळच खाली उतरून त्याला टेकतं. होड्या जातात आणि लहान लहान होत नाहीशा होतात. मला बोलायला येतं, ते एव्हाना कळलंच असेल तुम्हाला. मी खूप छान सांगितलं. सुमन चुलीपुढे हात थांबवून ऐकत बसली होती.

म्हातारीनं चाचपडत माझा हात धरला. “आता बघितल्यावानी झालं,” म्हणाली. “लय उपकार झाले बाई तुझे. न्हाईतर मला कोन दावनार हुतं?”

मी म्हटलं, उपकार कसले त्यात. सुमननं दिलेला चहा प्याले. सासूबाईंनी घरी आल्यावर विचारलं, कुठं होतीस इतका वेळ. मी म्हटलं, बाजारात.