शेवट ऐकलेला

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी विष्णू बाबाजी तावडे यांचं नाव घेतो. मुलुंडला सगळे त्यांना तावडेकाका म्हणत. ते माझे नातेवाईक नव्हते, शिक्षक नव्हते, ऑफिसातले साहेबही नव्हते. तरी मला बघायला शिकवलं ते त्यांनी.

त्यांना पाहण्याआधी मी त्यांचा गजर ऐकला. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नुकताच बी.ए. होऊन मुंबईत आलो होतो, भांडुपच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो आणि मुलुंडला एका कुटुंबात खाट भाड्याने घेऊन राहत होतो. तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी चारला फिल्म सोसायटीचा खेळ असे. थिएटरात न लागणारे, नव्या मुलांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेले सिनेमे तिथे दाखवत. मी पहिल्यांदाच गेलो होतो. ऐन शांत प्रसंगात, अंधारात, गजराचं घड्याळ खणखणलं. मी दचकलो. बाकी कुणी मानही वळवली नाही. तिसऱ्या रांगेतून एक उंच माणूस उठला, खणखणती कापडी पिशवी पोटाशी धरून, पडद्यावर सावली पडू नये म्हणून कमरेत वाकून, बाहेर गेला.

"तावडेकाका," शेजारचा म्हणाला. "सासूची कूस बदलायला गेले."

काकांची बायको वारली होती. मूल नव्हतं. बायकोची आई, जिला ते 'आये' म्हणत, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळली होती. ती काकांकडेच राहिली. दर दोन तासांनी तिला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करावं लागे, नाहीतर पाठीला जखम होणार. शेजारच्या कामतवहिनी जवळ बसत, पण आये अंगाने भारी. उलथायला काकाच लागत. खेळ वेळेवर सुरू होत नसे, एकच प्रोजेक्टर असल्यामुळे रीळ बदलायला मध्ये थांबावं लागे, आणि सिनेमा संपायच्या आत दोन तास भरत. म्हणजे महिन्याला एक सिनेमा बघणाऱ्या या माणसाने कितीतरी सिनेमांचा शेवट बघितलाच नव्हता.

आणि तरीही सोसायटीच्या पत्रकातलं परीक्षण तेच लिहीत. सायक्लोस्टाइल केलेला एक कागद, पुढच्या खेळाला दाराशी वाटला जाणारा. काका गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. अखंड कापड डोळ्यांसमोरून सरकत जायचं आणि त्यातला चुकलेला धागा पकडायचा, हे काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं होतं. संपानंतर गिरणी उघडली नाही. सिनेमाही ते तसाच बघत.

माझं अक्षर बरं म्हणून स्टेन्सिल लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि पुढे अर्धं परीक्षणही. माझं पहिलं लिखाण मी मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवलं. 'हृदयाला स्पर्श करणारा चित्रपट', अशी सुरुवात होती. काकांनी पेन्सिल उचलली.

"तुझ्या हृदयाक काय झाला ता तुझा तुका. सिनेमात काय झाला ता लिव."

मग समासात प्रत्येक वाक्यापुढे ते एक अक्षर घालायचे. स्वतः बघितलेल्याला 'ब', दुसऱ्याकडून ऐकलेल्याला 'ऐ'. ज्याला यातलं काहीच लागू नाही ते वाक्य खोडायचं. माझ्या पहिल्या पानावर चार वाक्यं उरली. सिनेमाचा शेवट मी सांगत असे, म्हणून त्या भागापुढे कायम 'ऐ' असे आणि पत्रकात खाली छापलेलं असे : शेवट ऐकलेला आहे.

त्या वर्षी म्हातारपणावरचे सिनेमे बरेच आले. एकात सून अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करते. सगळ्या हॉलने डोळे पुसले होते. काकांनी लिहिलं, 'सून म्हातारीला उताणी ठेवून पेल्याने पाणी पाजते. म्हातारीला ठसका लागत नाही, म्हणून ती आजारी वाटत नाही. परंतु चादर बदलून झाल्यावर सून क्षणभर स्वतःची कंबर धरते. ते दिग्दर्शकाने सांगितलेलं नसावं. तेवढं खरं आहे.' दुसरा सिनेमा गोराईला काढलेला होता. विसरभोळी झालेली बायको आणि तिचा कोळी नवरा. त्यात तो तिची नखं कापतो, दहाही बोटांची, आणि कॅमेरा हलत नाही. काका त्यावर खूश. "दहा बोटां म्हणजे दहा बोटां. ह्याका म्हणतत दिग्दर्शक!"

परीक्षण लिहायला मी त्यांच्या खोलीवर जाई. आये भिंतीकडे तोंड करून पडलेली असे, पण कान आमच्याकडे.

"जावय, सिनेमातली म्हातारी मेली काय?"

"नाय मेली, आये."

"मगे कसलो तो सिनेमा!"

काका हसत तिची मान एका बाजूला वळवून चमच्याने पाणी घालत. मीही हसे. पण माझं सगळं लक्ष त्यांच्या हातांकडे असे.

कारण माझ्या खिशात घरून आलेली पोस्टकार्डं असत. सांगोल्याकडच्या आमच्या गावात माझे वडील शाळेत शिपाई होते. मला नोकरी लागल्यावर दोनच महिन्यांत त्यांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, वाचा गेली. मी एकदा जाऊन आलो होतो. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, आणि मला ती पुसता आली नाही. मी परत आलो तो आठ महिने गेलो नाही. नोकरी कायम व्हायची आहे, रजा मागितली तर काढून टाकतील, असं आईला कळवत राहिलो. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरंही नव्हतं. आईला लिहिता येत नाही. ती शेजारच्या गुरुजींकडून कार्ड लिहून घेई आणि गुरुजी प्रत्येक कार्डाच्या शेवटी 'काळजी नसावी' असं घालत. कार्ड दर मंगळवारी येई; ते आलं नाही की मला जेवण जात नसे, आणि आलं की ते उलटून वाचायची भीती वाटे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकांना तर नाहीच.

तशात तो सिनेमा आला. शहरातला एक मुलगा, गावाकडे आजारी बाप, आणि मधे पत्रं. अर्ध्यावर माझा हात खिशातल्या कार्डांकडे गेला. काकांचा गजर वाजला, ते गेले. शेवटी मुलगा आलेलं पत्र न फोडता टेबलाच्या खणात ठेवतो, बूट घालतो आणि ऑफिसला निघतो. बस्स. दिवे लागले तरी मी खुर्चीत बसून होतो.

तासाभराने खोलीवर गेलो. आये जागी होती. काका पाटी-पेन्सिल घेतल्यासारखे कागद घेऊन बसले होते.

"मगे? मुलगो काय करता?"

मी म्हणालो, "जातो. एस.टी. धरतो."

कसं तोंडातून गेलं, मलाच कळलं नाही. काकांचा चेहरा उजळला. "काय सांगतंस! एस.टी.त बसलेलो दाखवल्यानी?"

"हो. खिडकीशी."

आयेला सेवा करणारे मुलगे फार आवडत. ती म्हणाली, "बरा झाला बाबा." काकांनी भराभर लिहिलं. आनंदाच्या भरात ते 'ऐ' घालायला विसरले. स्टेन्सिल मी लिहीत होतो, खालची ओळ मलाही घालता आली असती. मी घातली नाही. त्या महिनाभरात खरं सांगायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो.

पुढच्या खेळाला त्या सिनेमाचा दिग्दर्शक स्वतः आला. सोसायटीच्या चिटणिसांनी कौतुकाने बोलावलं होतं. विशी-पंचविशीचा पोरगा, खांद्याला शबनम. दाराशी त्याने पत्रक वाचलं आणि हॉलमध्ये उभं राहून विचारलं, "हे कुणी लिहिलंय? माझ्या फिल्ममध्ये एस.टी. कुठेय यार? तो जातच नाही ना! तेच तर सगळं आहे!"

कुणीतरी हसलं. मागून आवाज आला, "काका, झोपलात काय?" तिसऱ्या रांगेत काका उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, फार वेळ नाही.

"मी लिहिलं. शेवट न बघता लिहिलं आणि तसं सांगितलं नाही. चूक माझी आहे. पुढच्या पत्रकात छापू." आणि ते खाली बसले. सत्तावीस वर्षं ज्याच्या नजरेतून धागा सुटला नाही, त्या माणसाने माझा धागा आपल्या अंगावर घेतला होता.

त्या दिवशी गजर व्हायच्या आधीच ते उठले. मीही मागोमाग गेलो. रस्त्यावर मी "काका, माझं चुकलं" असं काहीतरी सुरू केलं. ते चालत राहिले. पाण्याच्या टाकीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्या घराकडे कोण आजारी असा?"

मी रडलो. सगळं सांगितलं, लाळेचंसुद्धा.

"माका कसा कळला म्हणान विचारू नको," ते म्हणाले. "सिनेमातलो मुलगो एस.टी.त बसता, ह्या खोटा तुका सुचला. दुसऱ्या कोणाक सुचला नसता." मग शुद्ध मराठीत, पत्रकात लिहीत तसं, "भीती हातांना काम नसल्यामुळे वाटते."

खोलीत शिरताच त्यांनी आयेला सांगितलं, "आये, ह्याच्या बापाशीक तुझ्यासारखाच झाला हा. ह्याका काय येना नाय."

आये माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेका माझ्यार शिकव. मी खंय पळान जातंय?"

त्या संध्याकाळी मी शिकलो. गुडघा आधी दुमडायचा, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, ओढायचं नाही, आपल्याकडे वळवायचं. पाठीशी उशी, घोट्यांच्या मधे घडी. पहिल्या खेपेला मी ओढलंच. आये ओरडली, "अरे मेल्या, पोता नाय मी, बाईमाणूस असंय!" दुसऱ्या खेपेला काका म्हणाले, "पास."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवला. त्यांनी तो वाचला, 'बघू' म्हणाले. उत्तराची वाट न बघता मी गावी गेलो.

पुढच्या वर्षी आये गेली. त्यानंतर काका सिनेमे पूर्ण बघू लागले, पण दोन तास होत आले की त्यांचा हात पिशवीकडे जाई. मग ते कणकवलीकडे गावी गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या पुतण्याने पत्रकांची फाईल माझ्याकडे पाठवली. तिच्यात मी गावाहून त्यांना पाठवलेलं पत्र होतं. समासात, पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्यापर्यंत, पेन्सिलने एकच अक्षर घातलेलं होतं : ब. ते पत्र असं :

ती. तावडेकाकांस सा. न.

पोचून आठ दिवस झाले. बाबांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. उजवा हात हलला एवढं बघितलं.

त्यांच्या पाठीला रुपयाएवढी जखम आहे. गुरुजींच्या कार्डांत ती नव्हती. आई एकटीने त्यांना उलथत होती, तिची स्वतःची पाठ वाकली आहे. पहिल्या दिवशी मी कूस बदलली तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती. मग आत जाऊन झोपली, ती चार तास उठली नाही. मी दोनदा जाऊन तिचा श्वास बघून आलो.

पाणी मान वळवून चमच्याने देतो. काल एकदा ठसका लागला. माझाच जीव गेल्यासारखं झालं. लाळ पुसतो. आता काही वाटत नाही असं लिहिणार होतो, पण वाटतं.

नोकरीचं काही कळलं नाही. रोज पोस्टमनची वाट बघतो आणि तो आला की आत जातो. जखम भरेल की वाढेल तेही कळत नाही. म्हणून 'काळजी नसावी' असं मी लिहीत नाही. काळजी असावी, काका. आयेंना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडे गजराचं घड्याळ नाही. पण शाळा समोरच आहे, आणि चाळीस मिनिटांनी एकदा घंटा होते. तीन घंटांनी कूस बदलायची, असं मी ठरवलं आहे. ही घंटा बाबांनी तीस वर्षं दिली. आता नवा शिपाई देतो. तो जरा उशीर करतो असं मला वाटतं, कारण घंटा व्हायच्या आधीच बाबांची नजर खिडकीकडे जाते.

आत्ताही गेली आहे. दोन घंटा झाल्या, तिसरी व्हायची आहे. पुष्कळ लिहायचं होतं, पण आता ते माझ्याकडे बघत आहेत. उठतो.

आपला,
वसंत