पापं कमी पडली तेव्हा

आमच्या मंडळीत ज्याचं पाप मोठं, त्याचा मान मोठा. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण लखनौच्या आलमबागमधल्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये दोन रविवार बसलं की कुणालाही कळायचं. प्रार्थना संपत आली की एकेकानं उठून 'गवाही' द्यायची, म्हणजे साक्ष: मी आधी कसा होतो आणि प्रभूनं मला कसा बदलला. एक जुना ट्रक ड्रायव्हर होता, त्यानं म्हणे कानपूर रोडवर लोकांना लुटलं होतं. तो बोलायला उठला की बायकांच्या विणकामाच्या सुया थांबायच्या. नंतर चहाही पहिला त्यालाच.

आणि मी कोण? रेल्वेच्या संशोधन कार्यालयात ड्राफ्ट्समन. मूळचा सांगलीकडचा, राहायला मानक नगरच्या क्वार्टरमध्ये. सुपारीचं खांड सोडलं तर व्यसन नाही. लाच खावी म्हटलं तर रुळांच्या जोडांची ड्रॉइंगं काढणाऱ्याला लाच देणार कोण? असल्या माणसानं साक्ष काय द्यायची, कप्पाळ!

पण त्या हॉलमध्ये मी पोचलो कसा, ते आधी सांगतो. एकोणीसशे सत्तरचं दशक सरत आलं होतं. मला कावीळ झाली, आणि अशी झाली की दोन महिने अंथरुणातून उठलो नाही. ऑफिसातले मित्र एकदा आले, दारातूनच 'आराम कीजिए' म्हणून गेले. रोज येत होता तो एकच माणूस, आमच्या कॉलनीच्या दवाखान्यातला कंपाउंडर. आठवडाभर कंपाउंडर आणि रविवारी पादरी. या गृहस्थाशी मी वर्षभरापूर्वी मिक्श्चरच्या बाटलीवरून कचाकचा भांडलो होतो. औषधात पाणी घालता, असं भर रांगेत तोंडावर म्हटलं होतं. तोच माणूस रोज संध्याकाळी सायकलला ऊस बांधून यायचा, माझ्या उशाशी बसून तो सोलायचा, तुकडे करून मला द्यायचा आणि जाताना डोळे मिटून दोन मिनिटं प्रार्थना करायचा. एक दिवस न राहवून विचारलं, "मैंने आपकी इतनी बेइज़्ज़ती की थी, फिर क्यों आते हैं?" त्यानं सुरी थांबवली, विचार केला आणि म्हणाला, "कब?"

तो विसरला होता! मला दुसरीतल्या मास्तरांनी मारलेली छडीसुद्धा आठवते, वारासकट. मला रडू आलं. त्यात काविळीचा भाग किती आणि माझा किती ते मी सांगू शकत नाही, पण या माणसासारखं व्हायला मिळालं तर व्हावं, असं फार वाटलं. मी त्याच्याबरोबर हॉलमध्ये जायला लागलो.

बाप्तिस्मा झाला तो पुढच्या जानेवारीत. लखनौचा जानेवारी ज्यानं काढलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. हॉलमागं सिमेंटचा हौद होता, धुक्यात तो दिसतही नव्हता. पादरीसाहेबांनी दयेपोटी त्यात दोन बादल्या गरम पाणी ओतलं होतं. ते कुठं गेलं देव जाणे. लोकांची गाणी चालू होती. मला बुडवलं, वर काढलं, आणि नव्या जन्मातलं माझं पहिलं वाक्य होतं, "टॉवेल कुठंय, मेलो!"

टॉवेल घेऊन बायकोच उभी होती. कुंकू, मंगळसूत्र सगळं जागच्या जागी. ती दर रविवारी यायची, मागच्या बाकावर बसून विणायची, कुणाशी बोलायची नाही. तिनं मला आधीच बजावलं होतं, "मी देव बदलणार नाही. तुम्ही बदलता का, तेवढं बघायला येते."

बाप्तिस्मा झाल्यावर साक्ष आलीच. मी उठलो आणि खरं तेच सुरू केलं: मी रागीट होतो, कुणाला माफ करत नव्हतो. समोरच्या बाकावर एकानं जांभई दिली. सुया चालूच. मी म्हटलं, कंपाउंडरसाहेबांशी भांडलो होतो. ट्रक ड्रायव्हर खिडकीबाहेर बघायला लागला. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मैं... शराब भी पीता था."

"हल्लेलूयाह!" कुणीतरी म्हणालं. सुया थांबल्या.

आता सांगतो, शराब मी जन्मात चाखली नव्हती. पण एकदा लोक ऐकायला लागले की माणसाला काय चढतं ते पिणाऱ्यालाही चढत नसेल. मी झिंगत घरी यायला लागलो. मी गटारात पडलो. आणि शेवटी, सगळे श्वास रोखून बसलेत असं दिसल्यावर, मी म्हणालो, "और अपनी बीवी पर हाथ उठाता था." सगळ्या बायकांनी एकदम मागं वळून माझ्या बायकोकडं पाहिलं.

त्या दिवशी चहा पहिला मला मिळाला.

घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, विणकाम टोपलीत टाकलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. घरात, मराठीत, ती कधीच गप्प नव्हती.

"कधी मारलंत हो मला? दिवस सांगा, वार सांगा!"

"अगं, साक्ष आहे ती. थोडं तिखटमीठ लावावं लागतं."

"तिखटमीठ तुमच्या पापाला लावा, माझ्या अंगाला नको. तुम्ही नवे झालात, आणि मी फुकटची मार खाल्लेली बाई झाले. त्या एका बाईनं माझा दंड चाचपून बघितला, कुठं दुखतंय म्हणून!"

"मग तू तिथंच सांगायचंस ना, असं काही नाही म्हणून."

यावर ती माझ्याकडं बघत राहिली आणि आत निघून गेली. मला वाटलं, जिंकलो.

चार दिवसांनी पादरीसाहेब घरी आले, खूश होऊन. होळीनंतर शाळेच्या मैदानात मोठी सभा घ्यायची होती, बाहेरगावची माणसं येणार होती, आणि मुख्य गवाही माझी. सोमवारी छपाईला जायच्या पत्रकाचा कच्चा मसुदा त्यांनी खिशातून काढला. वर मोठ्या अक्षरांत: 'शराबी इंजीनियर का नया जीवन'. यातलं शराबी खोटं होतं आणि इंजीनियरही. पण लपवू कशाला, दुसऱ्या शब्दानं मला गुदगुल्या झाल्या. मी म्हटलं, छान आहे.

ते गेले. बायकोनं कपाटावरची ट्रंक खाली काढली.

"हे छापलं गेलं, तर मी पोरीला घेऊन सांगलीला जाणार. भावाकडं राहीन. परत येणार नाही. मग बसा एकटे नवे होत."

ती धमक्या देणाऱ्यातली नव्हती. अकरा वर्षांत तिनं ट्रंक कधी काढली नव्हती. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी ओरडतो.

"मग काय सांगू मी तिथं? खरं पाप सापडायला तर पाहिजे! मी तुझं काय वाकडं केलंय, तूच सांग!"

"खरंच आठवत नाही?"

"नाही!"

मग तिनं ट्रंकेवर बसून सांगितलं. आम्ही लखनौत नवीन होतो, पोरगी दोन वर्षांची. माझ्या साहेबांच्या घरी जेवण होतं. साहेबांच्या बाईंनी तिला पुरणपोळी कशी करतात ते विचारलं, आणि तिनं तिला येत होतं त्या हिंदीत, मन लावून सांगितलं. त्या बाईंना सगळं कळलं, त्यांनी लिहूनही घेतलं. मग मी बाहेर पुरुषांत येऊन बसलो आणि तिची नक्कल केली. हातवाऱ्यांसकट. साहेब हसून हसून लोळले. ती दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती.

"एकदा केलीत तर सोडून दिलं असतं. तुम्ही ती वर्षानुवर्षं केलीत. कोण आलं की 'वो पुरणपोळीवाला सुनाइए'. आठ वर्षं झाली. मी घराबाहेर तोंड उघडलेलं तुम्ही ऐकलंय? आणि परवा म्हणालात, तिथंच सांगायचंस. कुठल्या तोंडानं सांगू?"

मी आठवायला लागलो. भाजीच्या गाडीवर ती बोट दाखवायची आणि पोरगी बोलायची. दारात कुणी आलं की पोरीला पुढं करायची. शाळेत पोरीच्या बाई भेटायला बोलवायच्या तेव्हा तिला हटकून ताप यायचा. आणि मी लोकांत सांगायचो, आमची मंडळी फार शांत स्वभावाची. कंपाउंडरसाहेब स्वतःचा झालेला अपमान विसरले होते आणि मी स्वतः केलेला विसरलो होतो. मला माझीच किळस आली. हौदात बुडवून वर काढलेला हा कसला नवा माणूस, ज्यानं आणखी चार टाळ्यांसाठी तिला दुसऱ्यांदा विकलं?

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ड्रॉइंग एकदा बाहेर गेलं की चूक गुपचूप ब्लेडनं खरवडायची नाही. कोपऱ्यात दुरुस्तीचा तक्ता असतो. काय बदललं ते तिथं लिहून सही करायची, म्हणजे ज्याच्याकडं जुनी प्रत असेल त्यालाही कळतं. दुसऱ्या दिवशी मी पादरीसाहेबांना दवाखान्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. शराब खोटी निघाली याचं त्यांना जास्त दुःख झालं की पत्रकाचं, कळेना. मग खरं पाप ऐकून म्हणाले, "भाई, बस इतनी सी बात? इस पर तो कोई रोएगा भी नहीं."

"मी रडलोय," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मसुदा खिशातून काढून फाडला.

रविवारी मी उठलो. म्हटलं, मागची गवाही खोटी होती. शराब प्यालो नाही, गटारात पडलो नाही, बायकोवर हात उगारला नाही. हॉलमध्ये अशी नाराजी पसरली की विचारू नका. ट्रक ड्रायव्हर तर फसवल्यासारखा ओरडला, "पीते ही नहीं थे?" मी म्हटलं, नाही. आणि मग खरं सांगितलं, पुरणपोळीचं. आठ वर्षं मी हिला हसण्यावारी नेलं, म्हणून ही तुमच्यात बोलत नाही.

मग पुढच्या बाकावरचा एकजण, चांगला माणूस, मनात काही वाईट नाही, हसत म्हणाला, "अच्छा, कैसे बोली थीं? ज़रा करके दिखाइए ना!"

आणि काय सांगू तुम्हाला, ती नक्कल माझ्या जिभेवर तयार होती. पहिला शब्द, मान कशी वाकडी करायची, हात कसा फिरवायचा, सगळं. सगळे तोंडभर हसू घेऊन वाट बघत होते. नाराज झालेला हॉल एका मिनिटात परत माझा झाला असता. माझी मान थोडी वाकडी झालीसुद्धा. मी बाकाची कड घट्ट धरली आणि म्हटलं, "नहीं."

"अरे, अपने ही लोग हैं!"

"नहीं, भाई."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मैं बताती." ती उभी राहिली होती, विणकाम छातीशी धरून. "पहले डाल को शिजाने का. पानी निकालने का. फेंकने का नहीं हाँ, उसकी आमटी होती. फिर गूळ डालने का और घोटने का, हाथ दुखे तक."

लोक हसले. मी तिच्याकडं पाहिलं, वाटलं, आता बसेल. पण ती बसली नाही. एका बाईनं विचारलं, "शिजाना मतलब? गलाना?" ती म्हणाली, "हाँ, वही, नरम होने तक," आणि स्वतःच हसली. दुसरी म्हणाली, डाळ कुठली, चन्याची ना? बायका बाक सोडून तिच्याभोवती जमल्या. आमची पोरगी माझी बाही ओढून कुजबुजली, "पापा, मम्मी गलत बोल रही हैं."

"गप बस आणि ऐक," मी म्हटलं.

पादरीसाहेबांनी शेवटची प्रार्थना दोनदा सुरू केली, दोन्ही वेळा सोडून दिली. त्या दिवशी चहा पहिला कुणाला मिळाला ते मी बघितलं नाही. मला तर मिळालाच नाही, संपला होता.

बाप्तिस्मा तिनं शेवटपर्यंत घेतला नाही. मी बदललो का, याचा निकालही कधी दिला नाही. बघायला मात्र येत राहिली. त्या दिवशी बाहेर पडलो तेव्हा रिक्षावाल्यानं सवयीनं माझ्याकडं बघून विचारलं, "कहाँ चलेंगे, बाबूजी?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोट तिच्याकडं केलं.

ती म्हणाली, "भैया, मानक नगर जाने का. दवाखाने के बाजू से लेने का, उधर रास्ता अच्छा है."

"जी, बहनजी," तो म्हणाला आणि पायडल मारलं. त्याला सगळं कळलं. तिचं हिंदी लखनौत सगळ्यांना आधीपासून कळतच होतं.