त्याने बसवलेलं हेड

"घाई कोनाले हाय?" असं म्हणत तो आधी हात पुसायचा, मग खोक्याचा पुठ्ठा शोधायचा. ट्रॅक्टरच्या हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जाड झाकणाचा, आकार त्यावर पेनाने काढायचा, बोल्टांच्या जागी भोकं पाडायचा आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवायचा. अनसिंगात माझं गॅरेज वीस वर्षांचं. तो साधा शेतकरी, स्वतःचं इंजिन स्वतः खोलणारा. आता तुम्हीच सांगा, माझा जळफळाट होणार नाही तर काय होईल?

लोक त्याच्या अंगणात जमायचे आणि तो त्यांना शिकवायचा. "बोल्ट खोलतानी बाहेरून मधात या, कसतानी मधातून बाहेर जा. तीन फेऱ्यांत कसा, एका दमात नाही." त्याच्याकडे टॉर्क रेंच होता. ठरलेला जोर लागला की तो टक् असा वाजायचा. मी आजवर मनगटाच्या अंदाजानेच कसत आलो. "मिस्त्री, तुमीबी न्या ना हा," तो म्हणायचा. मी कधी नेला नाही. शेतकऱ्याकडे पाना मागायचा म्हणजे नाक कापून घेणंच.

एकदा सोयाबीन काढणीच्या गर्दीत मी एका गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरला नवा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टाकला. इंजिन काही चालू होईना. गिऱ्हाईक डोक्यावर उभं. हा रस्त्याने चालला होता, आवाज ऐकून आत आला. "समोरचं झाकन काढा," माझ्या कानाशी म्हणाला. दोन गिअरच्या खुणा समोरासमोर यायला हव्यात. मी एक दात चुकलो होतो. त्याने गिऱ्हाइकाकडे पाठ केली आणि त्याला दिसणार नाही अशा बेताने गिअर नीट लावला.

"गिअरची निशानी पुसट हाय. कोनाचाबी घोटाळा होते," गिऱ्हाइकाला एवढं सांगून तो निघून गेला.

खूण चांगली ठसठशीत होती. माझी अब्रू राहिली, आणि मी त्याच्यावर आणखीच जळलो. माणसाने इतकंही चांगलं असू नये.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. महिन्याभराने त्याची बायको ट्रॅक्टर घेऊन आली. "पेरनीच्या आंधी पाहून द्या, भाऊ."

ट्रॅक्टर पहिल्याच चावीला चालू झाला. ऑइल बदललं की काम संपत होतं. तरी मी हेड खोललं. खरं सांगतो, त्याची एक तरी चूक मला पाहायची होती. दिवसभर शोधली. सापडली नाही. त्याच्या बायकोकडे टॉर्क रेंच मागायची लाज वाटली, म्हणून सगळं पुन्हा मनगटाच्या अंदाजानेच कसलं.

ती न्यायला आली तेव्हा मी इंजिन चालू केलं. ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली.

"याचा आवाज असा नव्हता, भाऊ."

"नव्हता, वहिनी," मी म्हणालो. काय चुकलं ते मला कळत नव्हतं, आणि ज्याला विचारावं असा माणूस आता गावात उरला नव्हता.