धाकटीचा दाखला

माझी धाकटी जाऊ नर्स आहे आणि मीही नर्सच आहे. एका घरात दोन-दोन नर्स म्हटल्यावर लोकांना वाटतं, किती छान! मला तसं कधीच वाटलं नाही.

दिरांची बदली झाली म्हणून ती शेजारच्या राज्यातून आमच्याकडे राहायला आली. तिकडे पंधरा वर्षं नवजात बाळांच्या विभागात होती. येताना दोन ट्रंका, नवरा आणि ही एवढी मोठी कीर्ती घेऊन आली. बाळाची शीर हिला म्हणे डोळे मिटूनसुद्धा सापडते. सासूबाई येईल-जाईल त्याला हेच सांगायच्या. मी अठरा वर्षं इथल्या हॉस्पिटलात राबते आहे, माझ्याबद्दल त्या एवढंच सांगत, "थोरली सकाळी लवकर जाते."

पण राज्याची हद्द ओलांडली की हात तेच असले तरी जुनी नोंदणी चालत नाही. आमच्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलने नाव चढवेपर्यंत तिला पेशंटला हात लावायची मनाई होती. आमच्याच हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी तिला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. ती तिथे लोकांची नावं, वयं लिहीत बसायची आणि मी मुद्दाम इंजेक्शनचा ट्रे घेऊन तिच्यासमोरून जायचे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

एकदा एका तान्ह्या मुलीला सलाइन लावायचं होतं. मी तीनदा टोचलं, पण शीर काही मिळेना. पोर रडून रडून काळीनिळी झाली. धाकटी दारातच उभी होती, आत पाऊल टाकलं नाही तिने. हळूच म्हणाली, "ताई, डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला बघा ना. सुई जरा आडवी धरा." लागलं. मुलीच्या आईने आभार मानले ते दाराकडे बघून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यातच नवजात बाळांचा नवा विभाग उघडायचं ठरलं. मेट्रनबाई मला स्पष्टच म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत तुझ्या जावेची नोंदणी झाली तर इन्चार्ज ती. नाही झाली तर तू."

अडलं होतं एका कागदावर. तिच्या जुन्या कौन्सिलने चांगल्या वर्तनाचा दाखला सीलबंद पाकिटात द्यायचा आणि ते पाकीट आमच्या कौन्सिलनेच फोडायचं, असा नियम. मध्ये कुणी फोडलं की दाखला बाद, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. हे तिने मला भांडी विसळताना सांगितलं होतं. "पाकीट घरी आलं तर तेवढं जपून ठेवा हं, ताई."

पाकीट आलं तेव्हा ती ड्यूटीवर होती आणि माझी सुट्टी होती. पोस्टमनकडून मीच घेतलं. मागे लाखेचा शिक्का, कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना. घरी आलेलं प्रत्येक पाकीट सासूबाईच फोडतात, अगदी विजेचं बिलसुद्धा, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. मी ते त्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि केस धुवायला गेले. बाकी काही केलं नाही. एक शब्दही बोलले नाही.

बाहेर आले तर पाकीट फोडून झालं होतं आणि सासूबाई चष्मा लावून शेजारणीला मोठमोठ्याने वाचून दाखवत होत्या, "पंधरा वर्षांत एकही तक्रार नाही!" आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

संध्याकाळी धाकटीने ते पाकीट पाहिलं आणि तुटलेला शिक्का बोटांनी जुळवून बघितला. काय झालंय ते कळल्यावर सासूबाईंनी जेवण सोडलं. दोन दिवस एकच घोकत होत्या, "माझ्या हातांनी मी पोरीचं वाटोळं केलं." मी त्यांच्यापुढे ताट ठेवायचे आणि गप्प बसायचे.

नव्या अर्जासोबत कौन्सिलला लेखी खुलासा हवा होता, शिक्का कुणी तोडला म्हणून. खाली साक्षीदाराची सही, तीही इथल्याच नोंदणीकृत नर्सची. धाकटीने जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिलं, 'पाकीट माझ्याच निष्काळजीपणामुळे फुटले.'

"अगं, हे कायमचं फाइलला लागेल," मी म्हटलं. "आईंनी फोडलं असं लिही की सरळ."

"नको. त्यांना ते जन्मभर बोचत राहील." तिने कागद माझ्याकडे सरकवला. आवाज जराही चढला नव्हता. "आणि ताई, पाकिटाचं मी घरात फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तेही मी लिहिलेलं नाही."

माझे कान तापले. मान वर न करता मी सही केली, खाली माझा नोंदणी क्रमांक लिहिला. नवा अर्ज काही महिनाअखेरपर्यंत मार्गी लागणार नव्हता; इन्चार्जची जागा मला मिळणार हे पक्कं झालं होतं. तिच्या जागी मी असते, तर जावेचं नाव पहिल्याच ओळीत लिहून मोकळी झाले असते. हे मला कळलं, आणि लाज वाटायच्या आधी मला तिचा हेवाच वाटला.