चिंचेवरची वटवाघळं आणि निर्मलाताई

विसरवाडीच्या फाट्यावर मी खांडबाऱ्याच्या एसटीची वाट पाहत उभी होते, तेव्हा फोन वाजला. निर्मलाताईंचे दीर हिंमतभाऊ बोलत होते. एरवी या माणसाचा आवाज चार शेतं पलीकडे ऐकू जातो. त्या दिवशी ते इतकंच म्हणाले, "उषाबाई, वैनी गई." मागून ट्रक जात होते, धुरळा उडत होता आणि मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. मग माहेरची गाडी सोडून दिली आणि ताईंच्या गावी, ब्राह्मणपुरीकडे निघाले. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या, असं घरच्यांनी सांगितलं. आजारी पडून कुणाकडून सेवा करून घेणं त्यांना जमलंच नसतं...

आम्ही दोघी शहाद्याच्या एका शाळेत शिकवत होतो. त्या विज्ञान, मी हिंदी. त्या वयानं बऱ्याच मोठ्या, तापीकाठच्या शेतकरी घरातल्या; मी खांडबाऱ्याच्या मारवाडी कापडदुकानदाराची मुलगी, पालीला भिणारी. पती लवकर वारल्यावर त्यांच्या वाट्याला आलेल्या शेताच्या तुकड्यावर त्यांनी मे महिन्यात मुलांसाठी शिबिर सुरू केलं आणि मला विचारलंही नाही. "तू येते आहेस," एवढंच सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला. वर्षभर शाळेत घसा कोरडा करतेस ते कमी आहे का, आता उन्हातही शिकवणार, असं तिचं म्हणणं. मी मात्र मनातून जरा ऐटीतच गेले होते. आमच्या घरी पाणी गाळून पितात, मुंगीवर पाय पडू देत नाहीत. जीवदया मला कुणी वेगळी शिकवायची गरज नाही, असं मला वाटायचं. हे मी ताईंना बोलूनही दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मुंगीला मारत नाहीस हे चांगलंच आहे गं. पण ती राहते कुठे, हे कधी पाहिलंस?"

तेच त्यांचं शिबिर होतं. पहिल्या दिवशी त्या काहीच शिकवत नसत. प्रत्येक मुलानं एक झाड निवडायचं आणि न्याहारीपर्यंत त्याच्याखाली गप्प बसायचं. शहाद्याची मुलं वैतागून जात. घरी तक्रारी जात, की बाई काही शिकवतच नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच मुलं धावत येऊन सांगायची, की माझ्या झाडावर डोंगळ्यांची दोन घरं आहेत, की खारीनं सालीत काहीतरी लपवलंय. सातपुड्यातली वसतिगृहात राहणारी काही मुलंही असत. मग एकाच झाडाला पावरीत काय म्हणतात, अहिराणीत काय, पुस्तकात काय, असा गलका चाले. ताई प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. उगाच फांदी तोडणाऱ्याला त्या सगळ्यांसमोर झापत. पिल्लू उचलून आणणाऱ्या मुलीला तर रडू येईपर्यंत बोलल्या आणि मग तिच्याबरोबर जाऊन ते जिथल्या तिथे ठेवून आल्या. "लांबून बघायचं," त्या मुलांना सांगत, "माया म्हणजे हात लावणं नव्हे."

शेताच्या बांधावर जुनी चिंच होती, हिंमतभाऊंच्या हद्दीत. तिच्यावर वटवाघळांची वसाहत होती. हिंमतभाऊंच्या पिकल्या पपयांवर ती रोज ताव मारत, त्यामुळे त्यांचा राग जुनाच होता. त्यात करोना येऊन गेला आणि तो वटवाघळांमुळे येतो अशी गावात भीती बसली. पुढच्या उन्हाळ्यात निम्म्या पालकांनी मुलं पाठवली नाहीत. चिंच तोडायचं हिंमतभाऊंनी ठरवून टाकलं, तोडणाऱ्यांना सांगूनही ठेवलं. ताईंनी समजावून पाहिलं. दोघांचं बोलणं बंद झालं. आलेल्या मुलांना ताई रोज संध्याकाळी लांब उभं करून वटवाघळं उडताना दाखवत राहिल्या. झाड जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तोडणारे यायच्या आधीच ती दुपार आली. ऊन असं, की विहिरीवरच्या लोखंडी पाइपाला हात लावला तर चटका बसावा. वटवाघळं पंखांनी स्वतःला वारा घालत होती. मग ती सरकत सरकत खालच्या फांद्यांवर आली आणि एकेक करून खाली पडू लागली. काहींच्या पोटाला पिल्लं होती. मुलं रडायला लागली. ताईंनी त्यांना मागे थांबवलं, आधी मला त्यांच्यापाशी थांब म्हणाल्या आणि मग मलाही बरोबर घेतलं. मुलांजवळ शेतातल्या सालदाराची बायको थांबली. आम्ही हिंमतभाऊंकडे गेलो, तेव्हा ते ओसरीवर आडवे झाले होते. पडताहेत तर पडू द्या, आपोआप प्रश्न मिटला, असं ते म्हणाले. ताई पायरीवर उभ्याच राहिल्या.

"भाऊ, झाडना वाद मंग देखसूत. आते त्यासले पानी पाहिजे."

हिंमतभाऊंनी आधी कूस बदलली. मग उठले आणि त्यांनी ट्रॅक्टरला फवारणीची टाकी जोडली. ताईंनी टाकीत डोकावून वास घेतला आणि औषधाचा वास येतोय म्हणून ती पुन्हा धुवायला लावली. हिंमतभाऊ चिडले. "वैनी, तू त्यासनी माय शे का?"

"नही," ताई म्हणाल्या. "शेजारीण शे."

दिवस कलेपर्यंत चिंचेवर साध्या पाण्याचे फवारे उडत होते. हिंमतभाऊ स्वतः नळी धरून होते, आपादमस्तक भिजलेले. बरीच वटवाघळं मेली. दुसऱ्या दिवशी मोठ्यांनी हातमोजे घालून खड्ड्यात पुरली. पण त्या संध्याकाळी उरलेली सगळी उठली आणि तापीच्या दिशेनं गेली. हिंमतभाऊ ट्रॅक्टरला टेकून वर पाहत होते. तोडणाऱ्यांचं काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही ते पुन्हा काढलं नाही. चिंच आजही आहे. पपयांवरून ते वटवाघळांना आजही शिव्या देतात...

आता मे जवळ आलाय. शिबिर कुठे आहे, असं पालक फोन करून विचारतात. मी 'तिथेच' म्हणते आणि मग जरा घाबरते. मला अजून सगळी झाडं ओळखू येत नाहीत.

ताईंच्या दहाव्याला गेले होते, तेव्हा त्यांच्या घरी पुढच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. उकाडा मरणाचा. प्रत्येकजण वर्तमानपत्रानं नाहीतर पदरानं वारा घेत होता. धुळ्याहून आलेले एक पाहुणे पंख्याचं बटण दाबायला उठले. त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. ते ती नखानं काढू लागले, तेव्हा कोपऱ्यात बसलेले हिंमतभाऊ हळूच म्हणाले, "पंखा लावू नका, दाजी. वर चिडीनं घर शे." सगळ्यांनी वर पाहिलं. पंख्याच्या वरच्या वाटीतून चिमणीनं आणलेल्या गवताच्या काड्या लोंबत होत्या. पाहुणे परत जागेवर येऊन बसले आणि घामानं निथळत आम्ही सगळे तसेच बसून राहिलो.