मामांचा कर्जरोखा

आमच्या हिच्या मामांइतका शिळ्या अन्यायावर ताजा संतापणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. निवृत्त इतिहासशिक्षक. रिक्षात बसले की कुठल्या तहात कुणी कुणाला दगा दिला हे ड्रायव्हरला सांगतात आणि उतरताना त्या बिचाऱ्यालाच झापतात, "तुला काहीच कसं वाटत नाही रे?"

अमेरिकेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना कौतुकाने भेट पाठवली: तिथल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सरकारने लढाईसाठी काढलेला कर्जरोखा. कडेला व्याजाची कुपनं, मधोमध कापूस वेचणाऱ्या गुलामांचं चित्र. मामांचा आनंद चहा येईपर्यंत टिकला. मग सुरू झाले. "माणसं गुलामच राहावीत म्हणून लढाई, आणि तिच्यासाठी लोकांकडून पैसे! सहा महिन्यांनी कुपन कापून व्याज खाणारे सभ्य गृहस्थ असतील हो! नालायक लेकाचे!" ते नालायक कधीच मेले, असं मी म्हणालो, तर आठवडाभर माझ्याशी अबोला. खरं सांगतो, कागद हातात घेतल्यावर माझंही डोकं फिरलं. किती सुबक छपाई, आणि कशासाठी!

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला मामींनी चौरंगावर पासबुकं, ठेवींच्या पावत्या मांडल्या आणि त्यांच्यासोबत तो रोखाही. मामांनी घर डोक्यावर घेतलं. "या पापाची पूजा? माझ्या घरात?" रोखा उचलून ते फाडायलाच निघाले.

मामी जामखेडकडच्या, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. त्या म्हणाल्या, "कागद चुकून ठिवला, व्हय. पन कुकू कागदाला न्हाई लावलं. नीट बगा तरी."

आम्ही वाकून पाहिलं. चित्रातल्या प्रत्येकाच्या कपाळावर टाचणीच्या डोक्याएवढं कुंकू होतं.

"माजी आई बी आशीच वाकलेली. दिवाळीला ती उसाच्या फडातच आसायची. पाचटाच्या कोपीवर कोन येतंय कुकू लावायला?" मामींचा आवाज चढला. "फाडायचंय तर फाडा. सरकार कवाच गेलं, फाटतील ती हीच मान्सं."

मामा खाली बसले आणि रोखा पुन्हा चौरंगावर ठेवला, पासबुकांपासून जरा दूर.

तेव्हापासून दर दिवाळीला हे कुंकू ठरलेलं. आता वयामुळे मामींचा हात कापतो. यंदा मामाच काडीच्या टोकाने कुंकू लावत होते, तोंडाने त्या सरकारचा उद्धार चालूच. "त्यो कडंचा राह्यला," मामी म्हणाल्या. मामांनी चष्मा पुसला, आणि त्याच्याही कपाळाला कुंकू लावलं.